इंजिन चालू, तरी विमान का पडतं? उतरताना होणारा ‘स्टॉल’ समजून घेऊया

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली. पहिलं १९ तारखेला कटफळजवळ आणि दुसरं २२ तारखेला गोजुबावीजवळ. सुदैवाने दोन्ही वेळा आतली माणसं वाचली. त्यानंतर डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, त्या प्रशिक्षण संस्थेची उड्डाणं थांबवली. त्याआधी २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ विमान शेतात कोसळलं होतं. आत एकटी असलेली विद्यार्थिनी जखमी झाली, पण वाचली.

अशी बातमी आली की आपल्या ग्रुपवर पहिली कमेंट ठरलेली असते: ‘इंजिन बंद पडलं असणार.’ आणि कुठल्यातरी व्हिडिओत ‘स्टॉल’ हा शब्द ऐकू आला की गोंधळ आणखी वाढतो. कारण गाडी शिकताना क्लच पटकन सोडला आणि गाडी बंद पडली, तर तिलाही आपण ‘स्टॉल झाली’ म्हणतो. मग विमान स्टॉल झालं म्हणजे त्याचंही इंजिन बंद पडलं असणार, असं वाटतं.

तसं नाहीये. विमानाच्या स्टॉलचा इंजिनशी थेट संबंधच नाही. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं. आणि इंजिन पूर्ण बंद असतानाही न होता शेतात, रस्त्यावर, नदीकाठी उतरू शकतं. बारामतीचे अपघात नेमके कशाने झाले हे ठरवणं तपास यंत्रणेचं काम आहे, आपण त्यात पडायला नको. पण छोटं विमान उतरताना सगळ्यात जास्त धोका कुठे असतो आणि तो कसा टाळतात, हे समजलं तर पुढची बातमी आपण वेगळ्या नजरेने वाचू. आणि तुमच्यापैकी कोणी बारावीनंतर पायलट व्हायचा विचार करत असेल, तर ही माहिती जीव वाचवणारी आहे.

ड्रोन थांबतो, विमान का थांबत नाही?

आमच्या तीर्थपुरीच्या आसपास आता शेतात फवारणीचे ड्रोन दिसायला लागलेत, आणि लग्नाच्या शूटिंगला तर ड्रोन हवाच. त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: ड्रोन हवेत एका जागी थांबतो, मग विमानाला काय अडचण?

ड्रोनचे पंखे स्वतः फिरून हवा खाली ढकलतात. ड्रोन जागेवर असला तरी त्याची पाती हवेतून फिरत असतातच. विमानाचा पंख मात्र जागेवर घट्ट बसवलेला असतो. त्याच्यावरून हवा वाहायची तर सगळं विमानच पुढे गेलं पाहिजे. पुढे जाताना पंख हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर उचलते. ड्रोनची मोटर बंद पडली तर तो दगडासारखा पडतो. विमानाचं इंजिन बंद पडलं तर मात्र ते घसरगुंडीवरून उतरल्यासारखं पुढे सरकत खाली येतं. शिकाऊ विमान म्हणून जगभर वापरलं जाणारं सेस्ना १७२ घ्या. वारा नसेल तर इंजिन बंद असतानाही ते एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर लांब जाऊ शकतं.

म्हणजे विमानाला हवेत धरून ठेवतो तो पंख. इंजिन फक्त पुढे ढकलतं. स्टॉल म्हणजे पंखाने काम करणं सोडून देणं.

मुद्दा वेगाचा नाही, कोनाचा आहे

पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यात एक छोटा कोन असतो. तो थोडा वाढवला की उचल वाढते. पतंगाचं उदाहरण घ्या. दोरा बांधताना वरची-खालची गाठ नीट जमली तर पतंग वाऱ्याला बरोबर कोन देऊन वर चढतो. गाठ चुकून पतंग फारच उभा राहिला, तर वारा भरपूर असूनही तो वर जात नाही, नुसता थरथरतो आणि गोता खातो.

पंखाचंही तसंच. कोन वाढवत नेला की एका मर्यादेपर्यंत उचल वाढत जाते. बहुतेक छोट्या विमानांत ही मर्यादा साधारण १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. त्यापलीकडे पंखाच्या वरच्या बाजूने चिकटून वाहणारी हवा पंख सोडून देते. घाटातल्या तीव्र वळणावर वेगातली बाईक रस्ता सोडून बाहेर जाते ना, तसंच. हवेला तेवढं तीव्र वळण घेता येत नाही. मग पंखावर नुसती विस्कटलेली, घुसळलेली हवा उरते, उचल एकदम घटते आणि नाक खाली पडतं. हाच स्टॉल.

मग सगळे ‘स्टॉलचा वेग’ असं का म्हणतात? कारण वेग कमी झाला की तेवढंच वजन पेलायला पंखाला जास्त कोन द्यावा लागतो. वेग कमी करत गेलात की एका क्षणी मर्यादेचा कोन येतो. सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलमध्ये वेगाच्या घड्याळावर हिरवी पट्टी ४८ नॉटपासून सुरू होते, म्हणजे ताशी साधारण ८९ किलोमीटर. पंखाच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण खाली सोडल्या की पांढरी पट्टी ४० नॉटपासून, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरपासून. पट्टीची खालची टोकं म्हणजे स्टॉलचे वेग. हायवेवर बाईक यापेक्षा जोरात जाते!

पण हे आकडे विमान पूर्ण भरलेलं, सरळ आणि शांतपणे उडत असतानाचे आहेत. विमान वळलं, किंवा पायलटने नाक झटक्याने ओढलं, की ते बदलतात. म्हणून जुने प्रशिक्षक सांगतात की विमान कुठल्याही वेगाला आणि नाक कुठल्याही दिशेला असताना स्टॉल होऊ शकतं. मर्यादेचा कोन ओलांडला की झालं.

उतरतानाच जास्त धोका का?

तीन गोष्टी एकाच वेळी जमून येतात: विमान हळू असतं, खाली असतं आणि वळत असतं.

हळू असणं गरजेचंच आहे. जोरात आलात तर धावपट्टी संपून पुढच्या शेतात जाल. म्हणून उतरताना फ्लॅप सोडून वेग स्टॉलच्या वेगापेक्षा निदान ३० टक्के जास्त ठेवतात. सेस्ना १७२ साठी तो ताशी ११० ते १३० किलोमीटरच्या दरम्यान येतो.

खाली असणं म्हणजे चूक सुधारायला जागा नसणं. तीन हजार फुटांवर स्टॉल झाला तर ती सरावाची गोष्ट असते, विद्यार्थी रोज करतात. सुधारताना सेस्ना १७२ दोनशे फुटांच्या आसपास उंची गमावतं. पण शेवटचं वळण चारशे-पाचशे फुटांवर घेतलं जातं. गावाकडचा मोबाईल टॉवर साधारण ४० मीटर धरला, तर असे चारेक टॉवर एकावर एक ठेवले एवढीच ही उंची. तिथे स्टॉल होऊन विमान गिरकीत गेलं तर सावरायला हजारएक फूट लागतात. ते तिथे नसतात.

आणि वळण. विमान वळतं तेव्हा पंख तिरका होतो, त्याची उचल थोडी वर आणि थोडी बाजूला वाटली जाते. उंची टिकवायची तर पंखाला जास्त काम करावं लागतं, म्हणजे जास्त कोन. त्यामुळे स्टॉलचा वेगही वर सरकतो. सरळ उडताना ८९ असलेला वेग ३० अंश तिरकं वळताना साधारण ९६ होतो, ४५ अंशांना १०६ आणि ६० अंशांना थेट १२६. म्हणजे ताशी १२० ने निवांत चाललेलं विमान केवळ वळण घट्ट केल्यामुळे स्टॉल होऊ शकतं. घड्याळात वेग तोच, इंजिनाचा आवाज तोच, आणि तरीही.

ते शेवटचं वळण

छोटी विमानं धावपट्टीभोवती आयताकार चक्कर मारून उतरतात. आधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडायचं. मग काटकोनात वळायचं, याला ‘बेस’ म्हणतात. मग पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीसमोर यायचं, हा झाला ‘फायनल’. बेसवरून फायनलला वळतानाचा हा कोपरा जगभरच्या प्रशिक्षकांच्या काळजीचा विषय आहे.

होतं असं. बेसवर असताना मागून वारा असतो. त्यामुळे विमान जमिनीवरून अपेक्षेपेक्षा लवकर पुढे सरकतं आणि पायलट धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे जातो. आता त्याला परत रेषेत यायचंय. खाली असल्याने विमान जास्त तिरकं करायची भीती वाटते. म्हणून तो पायाने रडर दाबून नाक धावपट्टीकडे ढकलतो. नाक खाली जातंय असं वाटून तो कंट्रोल मागे ओढतो. आतला पंख जास्त कलतोय असं दिसून तो हाताने उलट दिशेला एलेरॉन देतो. प्रत्येक कृती त्या क्षणी बरोबर वाटते. पण तिन्ही मिळून आतल्या पंखाचा कोन वाढवतात आणि त्याचा वेग घटवतात. आतला पंख आधी स्टॉल होतो, बाहेरचा अजून उचलत असतो, आणि विमान क्षणात आतल्या बाजूला उलटतं.

यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे. रेषा ओलांडली? जाऊ द्या. वळण घट्ट करू नका. पंख सरळ करा, पूर्ण ताकद द्या, वर जा आणि परत चक्कर मारून या. दहा मिनिटं जास्त लागतील, बस.

फोनवरचा वेग इथे फसवतो

तुमच्या फोनमधलं जीपीएस दाखवतं तो जमिनीवरचा वेग. पंखाला कळतो तो हवेतला वेग. दोन्हींत वाऱ्याचा फरक असतो.

समजा विमान हवेतून ताशी १२० ने चाललंय आणि वारा ताशी ३० चा आहे. वारा मागून असेल तर जीपीएस १५० दाखवेल, समोरून असेल तर ९०. पंखासाठी मात्र दोन्ही वेळा १२०च. आता वारा मागून असताना खाली पाहिलं की झाडं, शेतं झपाझप मागे पळताना दिसतात. मनाला वाटतं, आपण फार जोरात चाललोय. हात आपोआप वेग कमी करतो. खरं तर हवेतला वेग आधीच बेताचा असतो. म्हणून उतरताना नजर दोनच ठिकाणी हवी: धावपट्टी आणि हवेतला वेग दाखवणारं घड्याळ. फोन किंवा टॅबलेट नकाशासाठी उत्तम, पण त्यावरच्या वेगाच्या आकड्यावर विमान उतरवायचं नसतं.

विमान आधी सांगतं, ऐकणारा हवा

स्टॉल अचानक येत नाही. चांगलं शिकाऊ विमान आधी चारपाच इशारे देतं.

पहिला इशारा, नाक नेहमीपेक्षा वर दिसतं आणि तरी विमान चढत नाही. दुसरा, वाऱ्याचा आवाज कमी होतो, कॉकपिट विचित्र शांत वाटतं. तिसरा, कंट्रोल सैल लागतात. स्टिअरिंग हलवलं तरी विमान आळसावल्यासारखं उत्तर देतं. चौथा, भोंगा वाजतो. पाचवा, विमान थरथरतं, कारण पंखावरून सुटलेली विस्कटलेली हवा शेपटीवर आदळायला लागते.

यातला भोंगा फार मजेशीर यंत्र आहे. सेस्ना १५२ आणि १७२ मध्ये डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन मर्यादेजवळ आला की तिथला दाब कमी होतो, हवा आतून ओढली जाते आणि आतली पट्टी वाजते. अगदी पेटीच्या सुरासारखी. वीज नाही, बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही. उड्डाणाआधी विद्यार्थी त्या भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतात आणि भोंगा वाजतोय का ते तपासतात. स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी तो वाजायला लागतो. म्हणजे पायलटकडे वेळ असतो, थोडासाच.

अडचण एवढीच की उतरताना डोकं भरलेलं असतं. रेडिओवर बोलायचंय, समोर दुसरं विमान आहे, वारा आडवा आहे. अशा वेळी कान भोंगा ऐकतात पण मन ऐकत नाही. म्हणून त्याचं उत्तर हाताच्या सवयीत बसवावं लागतं.

हाताला जे वाटतं त्याच्या उलट

विमान खाली पडतंय, जमीन जवळ येतेय. माणसाचा हात काय करेल? कंट्रोल मागे ओढेल. नाक वर, म्हणजे विमान वर, असं वाटतं. पण कोन आधीच मर्यादेपलीकडे गेलाय. आणखी ओढणं म्हणजे स्टॉल आणखी खोल करणं.

बरोबर उत्तर असं: आधी कंट्रोल पुढे सोडा, कोन कमी करा. मग पूर्ण ताकद द्या. रडरने गिरकी थांबवा, पंख सरळ करा. विमान पुन्हा उडायला लागलं की हळूच वर घ्या. जमीन समोर दिसत असताना नाक खाली करणं हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. ते सरावानेच येतं.

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. १७ जुलै २००० रोजी अलायन्स एअरचं बोईंग ७३७ विमान कोलकात्याहून पाटण्याला उतरत होतं. उतरताना ते नेहमीपेक्षा उंच राहिलं होतं. चौकशी अहवालानुसार इंजिनं किमान ताकदीवर ठेवलेली होती आणि वेग योग्य मर्यादेखाली गेला होता. त्यात नाक वर असताना झटपट वळणं घेतली गेली. स्टॉलचा इशारा मिळाला. त्या क्षणी पायलटांनी स्टॉल टाळायची पद्धत वापरायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी परत वर जाण्याची नेहमीची पद्धत सुरू केली. विमान खरोखर स्टॉल झालं आणि गर्दनीबागच्या सरकारी वसाहतीवर कोसळलं. विमानातले ५५ आणि जमिनीवरचे ५ अशी ६० माणसं गेली.

नीट लक्षात घ्या: विमान मोठं होतं, पायलट व्यावसायिक होते, इशाराही मिळाला होता. चूक झाली ती इशाऱ्याला दिलेल्या उत्तरात.

अमेरिकेतही १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान उतरताना असंच झालं. स्टॉलचा इशारा म्हणून कंट्रोल थरथरायला लागला आणि कॅप्टनने तो मागे ओढला. ५० माणसं गेली. तोपर्यंत अनेक ठिकाणी ‘उंची कमीत कमी गमवा’ यावर सरावात भर असायचा. या अपघातांनंतर अमेरिकेच्या विमान यंत्रणेने २०१२ मध्ये सूचना काढून क्रम स्पष्ट केला: आधी कोन कमी करा, उंचीचं नंतर बघू.

टाळायचं कसं?

स्टॉलमधून सुटण्यापेक्षा त्याच्या जवळच न जाणं सोपं. छोट्या विमानाच्या पायलटला शिकवल्या जाणाऱ्या सवयी बघा.

१. प्रत्येक टप्प्याचा वेग आधी ठरवलेला हवा. बेसवर अमुक, फायनलवर तमुक. पाच नॉटने खाली आला की लगेच दुरुस्ती.

२. खालच्या उंचीवर वळण ३० अंशांपेक्षा जास्त तिरकं नको. रेषा हुकली तर हुकली.

३. उंची कमी पडतेय असं वाटलं तर नाक वर ओढून विमान ‘ताणायचं’ नाही. त्याने विमान लांब जात नाही, उलट लवकर पडतं. इंजिनाची ताकद वाढवायची.

४. वारा झटक्याझटक्याने येत असेल तर वेग थोडा जास्त ठेवायचा.

५. ठरलेल्या उंचीपर्यंत सगळं जुळलं नाही, तर उतरायचं नाही. परत वर जायचं.

पाचव्या मुद्द्यातही एक खोच आहे. उतरताना विमान नाक वर राहील असं जुळवलेलं असतं आणि फ्लॅप पूर्ण सोडलेले असतात. अशात एकदम पूर्ण ताकद दिली की नाक आपोआप जोरात वर उठतं. पायलटने ते हाताने दाबून धरलं नाही तर वर जातानाच स्टॉल होतो. म्हणून ताकद देताना नाक धरून ठेवायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने उचलायचे, हा सराव वेगळा करून घेतात.

गंमत म्हणजे चांगलं उतरणं हे स्टॉलच्या अगदी जवळ जाणंच असतं. गोदाकाठी बगळा उतरताना बघा. शेवटच्या क्षणी तो अंग उभं करतो, पंख पसरतो, वेग मारतो आणि अलगद पाय टेकतो. विमानही धावपट्टीच्या दोन-चार फूट वर नाक हळूहळू उचलत वेग घालवतं आणि उचल संपता संपता चाकं टेकतात. तिथे भोंगा वाजला तर ती शाबासकी. फरक फक्त उंचीचा आहे. दोन फुटांवर स्टॉल म्हणजे छान लँडिंग, चारशे फुटांवर स्टॉल म्हणजे अपघात.

सॉफ्टवेअर वाचवेल का?

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हा प्रश्न मला जास्त विचारला जातो. उत्तर आहे: बऱ्याचदा हो, पण डोळे झाकून नाही.

एअरबसच्या ए३२० सारख्या विमानांत पायलट आणि पंख यांच्या मध्ये संगणक असतो. पायलटने कितीही ओढलं तरी सर्वसाधारण स्थितीत तो कोन मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. खूप मोठी सुधारणा आहे ही. पण संगणकाला कोन कळतो तो सेन्सरमधून. सेन्सर चुकला तर?

२५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅममध्ये टर्किश एअरलाइन्सचं ७३७ उतरत असताना उंची मोजणारं एक यंत्र विमान जमिनीवर असल्यासारखं चुकीचं दाखवत होतं. त्यावर विसंबून यंत्रणेने इंजिनांची ताकद आपोआप कमी केली. पायलटांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला, विमान स्टॉल झालं आणि ९ जण गेले. उलट गोष्ट बोईंग ७३७ मॅक्सची. नाक फार वर जाऊ नये म्हणून बसवलेली प्रणाली एकाच सेन्सरवर विश्वास ठेवायची. तो चुकला आणि स्टॉल नसतानाही प्रणाली नाक खाली ढकलत राहिली. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

बारामती, शिरपूर, धुळे, गोंदिया इथे शिकणारी मुलं ज्या छोट्या विमानांवर हात बसवतात, त्यांत असा रक्षक संगणक सहसा नसतो. तिथे भोंगा असतो, घड्याळ असतं आणि प्रशिक्षक असतो. आणि तिथे लागलेली सवयच पुढे मोठ्या विमानात कामाला येते.

मग आपल्यासाठी यात काय?

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमानं उडवायला पायलट लागणार, म्हणून प्रशिक्षण संस्थांकडे ओढा वाढतोय. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. लाखो रुपयांचा खर्च, बऱ्याच घरांत कर्ज काढून, कधी जमीन विकून. अशा वेळी मुलांना आणि पालकांना एकच घाई असते: तास लवकर पूर्ण कसे होतील? घाई संस्थेलाही असते. विमानं कमी, विद्यार्थी जास्त, पावसाळ्यात उड्डाणं बंद.

पण तास मोजून सवय मोजता येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी फीबरोबर हेही विचारा. एका विमानामागे विद्यार्थी किती? देखभाल कोण करतं आणि विमानाची नोंदवही दाखवता का? स्टॉलचा सराव किती वेळा आणि किती उंचीवर करून घेता? वळणातला स्टॉल दाखवता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, विद्यार्थ्याने उतरणं रद्द करून परत चक्कर मारली तर त्याचं काय होतं? त्याला शाबासकी मिळते, की ‘इंधन वाया घालवलंस’ म्हणून बोलणी बसतात? या एका उत्तरावरून संस्था कशी आहे ते कळतं.

ज्यांना पायलट व्हायचं नाही, त्यांनी फोनवर एखादा चांगला फ्लाइट सिम्युलेटर घेऊन करून बघा. तीन हजार फुटांवर जा, ताकद कमी करा, उंची टिकवायला कंट्रोल हळूहळू मागे ओढत राहा. नाक वर, वेग कमी, मग एकदम नाक पडेल. आता मुद्दाम ओढून धरा आणि काय होतं ते पाहा. मग पुढे सोडा. फोनवर खुर्ची थरथरत नाही, पोटात गोळा येत नाही, पण हाताने केलेली चूक आणि दुरुस्ती मात्र डोळ्यांना दिसते.

आणि पुढच्या वेळी छोटं विमान कोसळल्याची बातमी आली, तर ‘इंजिन बंद पडलं असणार’ असं लिहून फॉरवर्ड करायच्या आधी थांबा. विचारा: विमान किती उंचीवर होतं? वळत होतं का? वारा कुठून होता? तपासाचा प्राथमिक अहवाल आला का? इंजिन गेल्यावर पायलटने पंख उडता ठेवला असेल, तर ती घटना अपघात दिसली तरी कौशल्याची असू शकते. आणि इंजिन ठणठणीत असतानाही विमान पडलं असेल, तर प्रश्न प्रशिक्षणाचा असू शकतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नेमकं काय झालं हे न विचारता आपण हळहळून पुढे गेलो, तर तीच चूक पुढच्या बॅचमधला कोणीतरी पुन्हा करेल.